हेडलाईटमधलं पाणी: बंद करायचं की श्वास घेऊ द्यायचा?

मागच्या पावसाळ्यात रात्री ताम्हिणी घाट उतरत होतो आणि डावीकडची रस्त्याची कडाच दिसेना. टपरीपाशी थांबून बघतो तर डाव्या हेडलाईटच्या आत पाणी. मूळ दिवा फुटला म्हणून बाजारातून स्वस्तातला आणून बसवला होता. घरी आल्यावर तो वाळवला, सिलिकॉनची ट्यूब घेतली आणि दिसेल ती फट, दिसेल ते भोक बुजवून टाकलं. पंधरा दिवसांत आधीपेक्षा जास्त पाणी! असं का झालं, हे शोधता शोधता मी १९४० सालच्या अमेरिकेत पोहोचलो. आजचा भाग त्यावरच.

त्याआधीच्या गाड्यांत काच, परावर्तक आणि बल्ब हे तिन्ही सुटे असायचे. परावर्तकाला चांदीचा मुलामा. सांध्यातून दमट हवा आणि धूळ आत जायची, चांदी काळवंडायची. उजेड रोज थोडा थोडा कमी होत जाई, त्यामुळे चालवणाऱ्याला ते कळतही नसे. खरा धोका तोच होता.

यावर उत्तर निघालं ते 'सील्ड बीम'. पुढची काच आणि मागचा परावर्तक एकमेकांना पक्के जोडलेले, तार आतच. हवा, पाणी, धूळ, कुणालाच वाट नाही. १९४० च्या मॉडेलांपासून अमेरिकेत सगळ्या गाड्यांना सात इंची गोल दिवा, तोही एकसारखा. तार जळली की अख्खा दिवा फेकायचा आणि नवा लावायचा. नवा दिवा म्हणजे नवा परावर्तकही आलाच!

मग हे बदललं का? कारण दिव्याचा आकार ठरलेला, म्हणून गाडीचं नाकही त्याच्याच मापाचं. हवेला कमी अडवणारी, उतरती नाकं हवी होती. फोर्ड कंपनीने नियम बदलण्याची मागणी केली, १९८३ मध्ये परवानगी मिळाली आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनवर बदलता येणाऱ्या बल्बचा दिवा आला. युरोपात तसा बल्ब कधी गेलाच नव्हता म्हणा.

आता इथे नीट लक्ष द्या. या नव्या दिव्यात प्लॅस्टिकची काच मागच्या खोक्याला चिकटवलेली असते आणि मागे बल्बसाठी तोंड असतं. आत बरीच हवा. दिवा लावला की ती तापून फुगते, विझवला की आक्रसते. पावसात तापलेल्या दिव्यावर गार पाणी पडलं की आणखीच पटकन. या हवेला ये-जा करायला वाट लागते, म्हणून मागे छोटी भोकं ठेवतात. त्यांवर वाकडी रबरी नळी किंवा हवा जाऊ देणारा, पण पाणी अडवणारा पडदा असतो.

मी बुजवली ती हीच भोकं! वाट बंद झाल्यावर गार होणारा दिवा जिथे जोड कच्चा होता तिथून हवा ओढू लागला, आणि हवेबरोबर पाणीही. म्हणजे दिवा १९८४ च्या जातीचा आणि मी त्याला १९४० चा उपाय केला.

शेवटी सिलिकॉन खरवडून भोकं मोकळी केली. काचेच्या कडेचा जुना चिकटा काढून ब्युटिलची पट्टी कुठेही न तोडता सगळीकडून फिरवली आणि मागचं चिरलेलं रबरी झाकण बदललं. आता धुतल्यावर कधी पुसटसं धुकं येतं, पण दिवा लावला की जातं. तेवढं चालतं. तळाशी पाणी साचलं तर मात्र जोड तपासा.

स्वस्तातला दिवा घेताना पैसे वाचतात, पण कडेचा चिकटा आणि मागचं झाकण दुकानातच बघून घ्या. घाटात रात्री हे आठवून उपयोग नसतो. भेटू पुढच्या भागात!