सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचणारा डॉक्टर

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा जुनाट विकार हे आजार पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. माणसाच्या वाट्याला ते अनेकदा दोन-तीन मिळूनच येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज असा, की देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. या दोन गटांत किती माणसे सामाईक असतील, ते रोज ओपीडीत बसणाऱ्याला सांगायला नको. अशा रुग्णांच्या समन्वित उपचारांचा अभ्यास हे आता स्वतंत्र क्षेत्र झाले आहे.

साठी ओलांडलेली एक बाई डोळ्यांसमोर आणा. शुगर जुनी, नंतर बीपी, आता गुडघे. हृदयरोगतज्ज्ञांनी बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि जोडीला लघवीची गोळी दिली आहे. हाडांच्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक लिहून दिले. आराम पडला म्हणून चिठ्ठी संपल्यावरही ती ते दुकानातून आणते. लेकाने शहरातून पाठवलेल्या पाकिटात टेल्मिसार्टनच आहे, पण दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या नावाचे. तिला वाटते ही नवी गोळी. दोन्ही चालू राहतात. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तीन औषधे एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो. त्यात मे महिन्यात दोन दिवस जुलाब झाले, अंगातले पाणी कमी झाले, की मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन झपाट्याने चढू शकते. मग शुगरसाठी चालू असलेल्या मेटफॉर्मिनच्या डोसाचाही फेरविचार करावा लागतो. एकेक चिठ्ठी सुटी वाचली तर प्रत्येक डॉक्टरचे बरोबरच आहे. बिघाड आहे तो चिठ्ठ्यांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा कुणाच्याच कामात मोडत नाही.

ती जागा एका डॉक्टरने आपली मानावी, हेच या क्षेत्राचे पहिले मागणे आहे. पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतून घेणे, एकच यादी करणे, आणि त्यातले काय बंद करायचे हे ठरवणे. नवे औषध सुरू करणे सोपे असते. दुसऱ्या डॉक्टरने दिलेले औषध थांबवायला त्याला फोन करावा लागतो, कारण पटवावे लागते, आणि पुढच्या परिणामांची जबाबदारी घ्यावी लागते. ही जबाबदारी परिचारिकेवर किंवा रुग्णाच्या सुनेवर ढकलता येत नाही. शुगर किती खाली आणायची, हाही असाच निर्णय. चाळिशीतल्या माणसासाठी योग्य असलेले उद्दिष्ट एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजोबांना लावले, तर रात्री साखर उतरून ते पडण्याची भीती असते.

या विचाराला बैठक दिली ती अमेरिकेतल्या दोघांनी. बार्बरा स्टारफिल्ड यांनी प्राथमिक उपचारांची मुख्य लक्षणे मांडताना पहिला संपर्क, सातत्य आणि व्यापकता यांच्या बरोबरीने समन्वयालाही जागा दिली. सिएटलच्या एडवर्ड वॅग्नर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की आरोग्यव्यवस्था अचानक उद्भवणाऱ्या दुखण्यांसाठी बांधलेली आहे, आणि दीर्घ आजारांसाठी तयारीचा चमू, नीट ठेवलेल्या नोंदी आणि स्वतःच्या आजाराची समज असलेला रुग्ण लागतो. आपल्याकडे चमूने काम करण्याची कल्पना परकी नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला खेड्यातल्या बायकांच्या हाती आरोग्याचे काम दिले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रही होता. ठरलेली साधी औषधयोजना, गोळ्यांचा अखंड पुरवठा आणि पाठपुरावा करणारे कर्मचारी, यांवर तो उभा राहिला. एरवी रक्तदाब तपासून गोळी देण्यापुरती डॉक्टरची गरज दर महिन्याला भासत नाही. गरज भासते ती आकडा हलेनासा झाला की, किंवा दुसरा आजार मध्ये आला की. तेव्हा परिचारिकेने विचारलेल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर देणारा डॉक्टर हवा. माझ्या मते चमूची खरी कसोटी तिथेच लागते.

या क्षेत्रातला कमी अभ्यासलेला एक भाग पैशाचा आहे, आणि नव्या संशोधकांनी तो आवर्जून हाती घ्यावा. आपल्याकडे बहुतेक रुग्ण खासगी दवाखान्यात खिशातून पैसे देतात, आणि ती फी तपासणीची असते. तिघा तज्ज्ञांच्या फायली वाचण्यात गेलेला अर्धा तास आणि दोन फोन यांचे कुणी काही देत नाही. तरीही तालुक्याच्या गावांत असे अर्धे तास देणारे फॅमिली डॉक्टर आजही आहेत. ते हे कसे जमवतात, त्यामुळे किती रुग्णांची इस्पितळात भरती होणे टळते, आणि विम्याने किंवा सरकारने या वेळेचे मोल द्यायचे ठरवले तर ते कसे मोजायचे, याचा अभ्यास मराठी मुलखातल्या दवाखान्यांतूनच व्हायला हवा. त्यासाठी रुग्णाच्या संमतीने त्याची औषधयादी नोंदवण्यापासून सुरुवात करता येते, आणि त्याला कागद-पेन पुरते.