वसईच्या घंटा

विजयाचीं स्मारकें नाना प्रकारचीं असतात. कोणी स्तंभ उभारतो, कोणी कमान बांधतो, कोणी शिलेवर नांवें कोरतो. नागपूरकरांच्या नित्य पाहण्यांतला सीताबर्डीचा किल्ला सन १८१७ च्या लढाईची आठवण दगडाच्या रूपानें बाळगून उभा आहे. परंतु मराठ्यांच्या एका मोठ्या विजयाचें स्मारक दगडाचें नसून काशाचें आहे. तें वाचावयाचें नसून ऐकावयाचें आहे. वसईच्या मोहिमेनंतर मराठी मुलखांतील देवळांना लाभलेल्या पोर्तुगीज घंटा, हेंच तें स्मारक होय. सुट्टींत पश्चिमेकडे जाणाऱ्या कुटुंबानें त्यांच्या दर्शनाचा बेत अवश्य आखावा. मात्र घंटेपाशीं उभे राहण्यापूर्वीं तिची हकीकत ठाऊक असावी. नाहीं तर ती इतरांसारखीच एक घंटा वाटेल.

गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें सन १५३४ मध्यें वसई पोर्तुगिजांच्या हवालीं केली. पुढें दोनशें वर्षें ती त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचें मुख्य ठिकाण होती. तटाच्या आंत वाडे उठले, मठ उठले, ख्रिस्ती देवालयें उठलीं आणि त्यांच्या मनोऱ्यांवर घंटा चढल्या. सन १७३७ च्या वसंतांत मराठ्यांनीं ठाणें घेऊन मोहिमेस आरंभ केला. चिमाजी आप्पांच्या फौजेला खुद्द वसई मात्र सहजीं मिळाली नाहीं. तटाखालीं सुरुंग लावावे, ते उडतांच खिंडारांत शिरावें, आणि वरच्या माऱ्याखालीं माणसें गमवावीं, असा तो झगडा सन १७३९ च्या मे महिन्यापर्यंत चालला. शेवटीं पोर्तुगिजांनीं तहाचें निशाण दाखविलें, तेव्हां मराठ्यांनीं त्यांस मानानें बाहेर पडूं दिलें. पुढल्याच वर्षीं बाजीराव आणि चिमाजी हे दोघेहि बंधु निवर्तले. मनोऱ्यांवरील घंटा तेवढ्या घाटावर चढल्या.

या ठिकाणीं एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. तांबें आणि कथील यांच्या मिश्रणाची घंटा ओततात, आणि त्या काळीं तोफाहि याच दोन धातूंच्या ओतीत. यामुळें युरोपांतील युद्धांत हस्तगत शहराच्या घंटांवर तोफखान्याच्या अधिकाऱ्याचा हक्क मानीत. घंटा वितळवून तोफ करणें हा तिकडला नित्याचा प्रकार होता. मराठ्यांनाहि तोफांची वाण होतीच. तरी या घंटा भट्टींत गेल्या नाहींत. त्या देवापुढें टांगल्या गेल्या. त्यांवरील सालें कोणी घांसून काढलीं नाहींत, कीं त्यांवरील मूर्ति कोणी छिनीनें उडविल्या नाहींत.

त्यांपैकीं सर्वांत नांवाजलेली घंटा नाशिकास पंचवटींत आहे. सरदार नारोशंकर राजेबहादर यांनीं सन १७४७ मध्यें गोदातीरीं रामेश्वराचें काळ्या पाषाणाचें देऊळ बांधिलें. हेच नारोशंकर पुढें पानिपतच्या मोहिमेंत दिल्लीच्या बंदोबस्तास राहिले होते. घंटा देवळाच्या आंत नाहीं. नदीकडच्या तटावर स्वतंत्र घुमटी उभारून तींत ती टांगलेली आहे, म्हणून तिला खरोखरीच घंटाघर म्हणतां येतें. तिच्यावर १७२१ हें साल आहे, म्हणजे बाजीरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळून जेमतेम एक वर्ष झालें होतें. सन १८७२ च्या महापुरांत गोदावरी थेट या घंटेपर्यंत चढली होती. घाटावर उभें राहून वर पाहिलें म्हणजे त्या पुराची कल्पना येते.

दुसरी घंटा वाईजवळ मेणवलीस आहे. तेथें कृष्णेच्या कांठीं नाना फडणिसांचा वाडा आहे. त्याच्या मागें घाट उतरतो आणि मेणेश्वराच्या देवळाशेजारीं लहानशा घंटाघरांत ही घंटा लोंबते. तिच्यावर बालयेशूस कडेवर घेतलेल्या मेरीची आकृति उठविलेली आहे आणि साल आहे १७०७; त्याच वर्षीं औरंगजेब मरण पावला आणि शाहू महाराज मोगलांच्या हातून सुटले. महादेवाच्या दारीं मेरीची मूर्ति असलेली घंटा वाजते आणि गांवकऱ्यांस त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. भीमाशंकरास व पालीच्या बल्लाळेश्वरापाशींहि अशा घंटा पाहावयास मिळतात.

प्रवासाचा क्रम अवघड नाहीं. नागपूरहून मुंबईच्या गाडीनें वर्धा, बडनेरा, भुसावळ, मनमाड या मार्गें सुमारें साडेसहाशें किलोमीटरांवर नाशिकरोड लागतें. तेथून पंचवटी तासाभराच्या आंत गांठतां येते. पावसाळा संपल्यावर जावें. सिंहस्थाचे दिवस गर्दीमुळें टाळावे. नाशिकाहून कल्याणमार्गें वसई आणि मग पुण्यावरून वाई असा फेरा केल्यास आठवडा पुरतो.

वसई मात्र वगळूं नये. पुष्कळ प्रवासी नाशिकची घंटा पाहून परततात. त्यांची गोष्ट अर्धीच राहते. वसईच्या कोटांत चिमाजी आप्पांचा पुतळा आहे, आणि थोड्या अंतरावर सेंट जोसेफच्या देवालयाचा मनोरा छप्पर गेलेल्या भिंतींतून अजून उभा आहे. त्याची घंटेची जागा रिकामी आहे. वसईच्या आसपास आजहि पिढीजाद ख्रिस्ती वस्ती आहे. तीहि मराठीच बोलते आणि तिचे पूर्वज या मनोऱ्यांच्या नादावर उठत-बसत होते. विजय कोणाचा हें पुतळा सांगतो. त्याची किंमत दोन्ही बाजूंनीं काय पडली, हें ती रिकामी जागा सांगते.

म्हणून मुलांस बरोबर न्यावें, आणि घंटा वाजविण्याची घाई न करितां आधीं तिच्यावरील साल त्यांच्याकडून वाचवून घ्यावें. मग एकच टोला द्यावा. ज्या काशाची तोफ झाली असती, त्याचा नाद अजून नदीवरून जातो, एवढें त्यांच्या ध्यानांत राहिलें, तरी प्रवासाचे श्रम फुकट गेले असें होणार नाहीं.