प्रोग्रामला सामान कोण आणून देतं?

साकोलीकडच्या आमच्या गावात कोहळी समाजानं बांधलेला मालगुजारी तलाव आहे. १९५१ साली मालगुजारी ही जमीनदारी गेली, पण पाणी सोडणारा पाणकर माझ्या लहानपणीही होता. शेतकऱ्यानं फक्त आपली बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, सांगायची. पाणी सोडायचं तुडुम कोणतं उघडायचं, पाट कुठून वळवायचा, ते पाणकर पाही. पाणी पुरणार नसेल, तर तसं आधीच तोंडावर सांगे.

पुढे नागपूरला प्रोग्रामरचं काम करू लागलो, तेव्हा मागणाऱ्यानं किती सांगायचं आणि आणणाऱ्यानं काय पाहायचं, हाच प्रश्न समोर आला. प्रोग्रामला चालताना मजकूर, चित्रं, फॉन्ट, आवाज लागतात. ते मागायचे कसे, आणणार कोण, आणि सापडले नाहीत तर काय? आमच्या धंद्यात या मागणीच्या रीतीला रिसोर्स लोड करण्याचा इंटरफेस म्हणतात. तिचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. मला तो जिव्हाळ्याचा वाटतो, कारण मराठी पडद्यावर नीट दिसणार की नाही, हे बरंचसं या रीतीवरच ठरत आलं आहे.

१९८४ च्या जानेवारीत ॲपलचा मॅकिंटॉश आला. त्याची मेमरी होती अवघी १२८ किलोबाइट. सगळं सामान एकदम आत मावणं शक्यच नव्हतं. ब्रूस हॉर्न या तरुण प्रोग्रामरनं त्यासाठी रिसोर्स मॅनेजर लिहिला. प्रोग्रामनं चार अक्षरी प्रकार आणि एक क्रमांक सांगायचा. मेनू, चिन्ह, संवादाची चौकट, जे हवं ते मॅनेजर डिस्कवरून गरजेपुरतं आणी आणि जागा कमी पडली की काढूनही टाकी. शोधण्याचा क्रमही ठरलेला होता: सर्वांत शेवटी उघडलेली फाइल आधी, मग तिच्या आधीची, असं करत शेवटी सिस्टिमची. मेनूतले शब्द प्रोग्रामच्या सूचनांपासून वेगळे ठेवलेले असल्यामुळे भाषांतरकाराला सूचनांना हात न लावता ते बदलता येत. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत मोठी कल्पना इथंच, अगदी सुरुवातीला, सुचली होती. विंडोजनंही सामान प्रोग्रामच्या फाइलमध्येच बांधून ठेवलं. मात्र शोधा, लोड करा, लॉक करा, अशा तीन पायऱ्या मागणाऱ्याच्या गळ्यात टाकल्या.

आपल्याकडे तेव्हा अक्षरांचाच झगडा चालू होता. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत भारतीय लिप्यांसाठीच्या जिस्ट या तंत्राचं काम चाललं होतं. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरलं, आणि त्याच वर्षी देवनागरीसह युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. डीटीपीच्या दुकानांत मात्र शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांचं राज्य पुढं कितीतरी वर्षं टिकलं. प्रत्येकाची मांडणी निराळी, त्यामुळे फॉन्ट सापडला नाही तर मजकूरही गेला. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मी हे पाहिलं. बिलाच्या प्रोग्राममध्ये फॉन्टच्या फोल्डरचा पत्ता कायमचा लिहून ठेवलेला होता. संगणक बदलला, तो पत्ता राहिला नाही, आणि ऐन धानाच्या हंगामात बिलावर रोमन अक्षरांचा कचरा छापून येऊ लागला. प्रोग्रामनं चकार शब्द काढला नाही. दिवाणजींनी बिलं हातानं लिहिली.

१९९५ मध्ये उलरिक ड्रेपर यांचं, भाषांतरित मजकूर आणून देणारं ग्नू गेटटेक्स्ट आलं. त्यात इंग्रजी वाक्य हेच मागणीचं नाव. भाषांतर नसेल तर तेच वाक्य गुपचूप पडद्यावर येतं. वापरायला सोपं, पण मराठीची उणीव त्यात कुणाच्या लक्षातच येत नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या १९९७ च्या आवृत्तीत मराठी मागितली, तर आधी मराठी, ती नसेल तर संगणकाची भाषा, मग मूळ फाइल, अशी साखळी होती आणि शेवटपर्यंत काही मिळालं नाही तर स्पष्ट चूक कळे. ही रीत मला जास्त प्रामाणिक वाटते. पण त्या फाइलींत देवनागरी सरळ लिहिता येत नसे. प्रत्येक अक्षर-चिन्हासाठी सहा रोमन चिन्हं, म्हणजे नुसतं ‘भंडारा’ लिहायला छत्तीस! हा जाच २०१७ मध्ये जावाच्या नवव्या आवृत्तीत संपला.

पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांना वेगळा धडा मिळाला. सामान फाइलच्या पत्त्यानं मागायची सवय लागलेली, आणि प्रोग्राम झिपमध्ये बांधला की डिस्कवर तसा पत्ताच उरत नाही. २०१८ मध्ये ३.७ या आवृत्तीत पॅकेज आणि नाव सांगून सामान मागायची सोय भाषेतच आली. अँड्रॉइडनं तर कोडमध्ये मागितलेलं नाव यादीत नसेल, तर प्रोग्राम बांधतानाच अडवायची व्यवस्था केली. ग्राहकाच्या हाती जाण्याआधी उणीव कळणं ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट.

भंडारा-नागपूरकडे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे. मजकूर कोडमध्ये कोंबू नका. युनिकोडमध्ये, स्वतंत्र फाइलींत ठेवा. सामान नावानं मागा, पत्त्यानं नव्हे. आणि पाण्याला ‘पानी’, डोळ्याला ‘डोरा’ म्हणणाऱ्या आपल्या झाडीबोलीसाठी भाषा शोधण्याच्या साखळीत मराठीच्या आधी एक जागा आजच राखा. तिची फाइल रिकामी असली तरी चालेल, भरणारी माणसं आपल्या भंडारा जिल्ह्यात आहेत.