खिशातले पाते: बोरूच्या चाकूपासून आजच्या चाकूपर्यंत

१/
रोज खिशात बाळगण्याजोगा आणि खिशाला परवडणारा चाकू कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे. पुण्यात मात्र त्यामागे मोठा इतिहास आहे. दफ्तरातल्या कारकुनाने, पानसुपारीच्या शौकिनाने, छावणीतल्या शिपायाने आणि ऊसतोडणी कामगाराने आपापले पाते आपापल्या कामावरून निवडले. त्या निवडींचा आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या कायद्याचा हा धागा. 🧵

२/
आधी शब्द पाहू. ‘सुरी’ संस्कृत ‘छुरिके’शी नाते सांगते. ‘चाकू’ आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत तुर्कीतून. तुर्कीत ‘चाकी’ म्हणजे आजही मिटवता येणारा चाकू. दोन्ही शब्द हाताशी असूनही मराठी स्वयंपाकघरात राज्य चालले ते विळीचे. विळीचे पाते पाटाला जखडलेले असते. हलते ती भाजी. म्हणून हातात धरून चालवायचे पाते घरात दुय्यम राहिले आणि त्याचे खरे काम घराबाहेर निघाले.

३/
ते काम होते लेखणीचे. पेशवाईतल्या पुण्यात कारभार चाले तो मोडी लिपीत, बोरूने. बोरू म्हणजे गवताच्या जातीतली पोकळ, टणक काडी. तिचे टोक तिरपे छाटायचे, दोन्ही बाजू तासून निमुळत्या करायच्या, मधोमध बारीक चीर द्यायची आणि अखेरीस टोक नेमके कापायचे. अक्षराची जाडी या शेवटच्या कापावर ठरे. कागदावर घासून टोक बोथट झाले की पुन्हा चाकू. लेखणी आणि पाते ही अशी एकाच कलमदानातली भावंडे होती.

४/
या जोडीने किती काम केले, याचा अंदाज पुण्याच्या पुरालेखागारात येतो. पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्या कागदांवरची वळणदार मोडी वाचताना आपल्याला लेखक दिसतो, आशय दिसतो; ते टोक घडवणारा चाकू दिसत नाही. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ हा शब्दही याच कामातून आला. तिकडे पिसाची लेखणी तासली जाई, इकडे बोरू.

५/
बोरू तासायला कसला चाकू लागतो? पाते आखूड हवे, कारण बोटांची ताकद टोकाशी पोहोचली पाहिजे. पाते पातळ हवे, नाहीतर काडी चिरण्याऐवजी फुटते. धार पुन्हा पुन्हा लावता यायला हवी, कारण काम रोजचे. मूठ साधी चालते. आज खिशातला चाकू घेताना पाहायच्या बहुतेक गोष्टी या चार ओळींत आल्या आहेत. पुढे लोखंडी टोकाचा टाक आला, बोरू मागे पडला आणि त्याच्याबरोबर हा चाकूही. ‘बोरूबहाद्दर’ हा शब्द मात्र भाषेत राहिला.

६/
मराठी माणसाचे दुसरे रोजचे पाते म्हणजे अडकित्ता. कडक सुपारी साध्या चाकूने कापायला जावे तर ती निसटते आणि बोट जाते. अडकित्त्यात दोन दांडे एका खिळीवर फिरतात. खालचा सुपारीला आधार देतो आणि वरच्याचे पाते तिच्यात उतरते. तरफेच्या तत्त्वामुळे मुठीच्या साध्या दाबाने सुपारी फुटते. शिवाय पाते दांड्यांच्या मध्येच मिटते. म्हणूनच पान, चुना, कात आणि सुपारी यांच्याबरोबर तो चंचीत निर्धास्त राहत असे.

७/
अडकित्त्याची श्रीमंती पाहायची असेल तर बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजेच कवी ‘अज्ञातवासी’, यांनी आयुष्यभर घरगुती वस्तू जमवल्या आणि संग्रहालयाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. तिथल्या अडकित्त्यांत पक्षी आहेत, घोडे आहेत, माणसांच्या जोड्याही आहेत. तलवारी जपणारे पुष्कळ असतात. केळकरांनी सुपारी कापायचे साधनही तितक्याच आस्थेने जपले, म्हणून सामान्य माणसाच्या हातात काय होते हे आज आपल्याला दिसते.

८/
याच काळात कट्यार, जांबिया, बिचवा ही आखूड पातीही होतीच. १० नोव्हेंबर १६५९ या प्रतापगडाच्या दिवसामुळे बिचवा आणि वाघनखे घराघरात ठाऊक आहेत. पण त्यांची घडण वेगळी आहे. बिचव्याचे वळण भोसकण्यासाठी आहे. त्याने बोरू तासता येत नाही की आंबा चिरता येत नाही. लांबीने जवळची असलेली दोन पाती हेतूने किती दूर असू शकतात, हे इथे कळते. पुढे कायद्यालाही हाच भेद शब्दांत पकडावा लागला.

९/
तो प्रयत्न ठळकपणे दिसतो १८७८ मध्ये. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतल्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी केली. शस्त्रांच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, धनुष्यबाण, तोफा यांची नावे आहेत. साध्या चाकूचे नाव त्या यादीत नाही. ज्या शहरात कमरेला शस्त्र लावणे ही एके काळी प्रतिष्ठा होती, तिथे आता कामाचे पाते तेवढे निर्वेध उरले.

१०/
या बदलाची झळ बसली शिकलगारांना. ‘शिकलगार’ हा शब्द फारसी ‘सैकलगर’वरून आला, अर्थ, ओप देणारा. तलवारींना धार आणि झळाळी देणे हा त्यांचा धंदा. तलवारी म्यानात गेल्या, मग भिंतीवर गेल्या, आणि शिकलगारांच्या हाती विळ्या, कात्र्या आणि चाकू आले. पेठांमधून पायाने चाक फिरवत ‘धाऽर’ अशी हाक देत जाणारा कारागीर याच परंपरेत बसतो. एका राजवटीच्या अस्ताची ही बाजू लढायांच्या इतिहासात सहसा येत नाही.

११/
बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबई बंदरात उतरणारा विलायती माल पुण्याला सहज येऊ लागला. चाकूंच्या बाबतीत विलायत म्हणजे शेफील्ड. तिथल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीचा तारा आणि क्रॉस हा शिक्का पूर्वेच्या बाजारांत प्रतिष्ठेचा होता. या चाकूंची रचना साधी: मुठीच्या पाठीला एक लवचीक पट्टी, तिच्या दाबावर पाते उघडे किंवा मिटलेले राहते. कुलूप नाही. म्हणून अशा चाकूने कापावे. टोकाने जोरात खुपसायला गेल्यास पाते बोटांवर मिटते.

१२/
याच सुमारास जगभर गरिबाचा चाकू घडत होता. १८९० मध्ये फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेलने लाकडी मुठीचा शेतकऱ्यांचा चाकू बनवला. पाते जागेवर रोखणारे फिरते कडे त्याला १९५५ मध्ये मिळाले. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. जपानच्या मिकी गावात दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा ‘हिगोनोकामी’ निघाला. तिन्हींत दागिना कुठे नाही. पैसा गेला तो पात्यात आणि सांध्यात.

१३/
हिगोनोकामीची पुढची कथा आपल्याला जवळची वाटेल. जपानी शाळकरी मुले त्याने पेन्सिली तासत. १२ ऑक्टोबर १९६० रोजी समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची व्यासपीठावरच एका १७ वर्षांच्या मुलाने हत्या केली. शस्त्र होते आखूड तलवार. पण त्यानंतर मुलांच्या हाती धारदार वस्तू नको अशी मोहीम उभी राहिली आणि दप्तरातला पेन्सिल तासायचा चाकूही गेला. गुन्हा एका पात्याचा होता, शिक्षा दुसऱ्याला झाली.

१४/
आपल्याकडे ही बदनामी ‘रामपुरी’ने ओढवली. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचा हा लांब पात्याचा, खटका असलेला चाकू. हिंदी चित्रपटांनी तो गुंडाच्या हाती दिला. ‘वक्त’ (१९६५) मधला राज कुमार यांचा चाकूवरचा संवाद आजही लोकांच्या तोंडी आहे. परिणाम असा की ‘खिशात चाकू आहे’ या वाक्यालाच धमकीचा वास येऊ लागला. कारकुनाच्या कलमदानातल्या चाकूला तो कधीच नव्हता.

१५/
स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी घडवलेल्या वस्तूंना तो शस्त्रांच्या व्याख्येतून वगळतो. त्याखालील नियमांत धारदार शस्त्रांचा वर्ग आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू त्यात येतात. घरगुती, शेतकी, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले येत नाहीत. म्हणजे कायदा दोन गोष्टी विचारतो: पाते केवढे आणि ते कशासाठी घडवले आहे?

१६/
पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. १९५१ च्या मुंबई पोलिस अधिनियमाच्या (आजचा महाराष्ट्र पोलिस अधिनियम) कलम ३७ नुसार पोलिस आयुक्त ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढू शकतात. त्या कलमात तलवार, भाला, बंदूक यांच्याबरोबर चाकू आणि काठी हे शब्दही स्पष्टपणे आहेत. सणासुदीच्या, मोर्च्यांच्या, निवडणुकांच्या दिवसांत वर्तमानपत्रांत येणारे आदेश याच कलमाखालचे. अशा दिवसांत लहानसा चाकूही घरीच ठेवावा. विमानतळावर आणि मेट्रोला जाताना तर नेहमीच.

१७/
आणि आता कोयता. ऊसतोडणीच्या हिशेबात पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. अवजार हेच श्रमाचे माप. अलीकडच्या वर्षांत पुण्यातल्या टोळ्यांमुळे हाच शब्द दहशतीचा झाला आणि कोयता घेणाऱ्याची ओळख नोंदवून ठेवण्याच्या सूचना पोलिसांनी विक्रेत्यांना दिल्या. शहराची भीती खरी आहे. पण बीडहून कारखान्यावर येणाऱ्या जोडप्यासाठी तो शब्द म्हणजे त्यांच्या हंगामाची उचल आहे, हेही तितकेच खरे आहे.

१८/
मग आज, बेताच्या पैशांत काय घ्यावे? आधी काम लिहून काढा: फळ, दोरी, खोके, पेन्सिल. या कामांना ६ ते ८ सेंटिमीटरचे, मिटणारे पाते पुरते. मोठ्या पात्याने ही कामे अधिक चांगली होत नाहीत, संशय तेवढा वाढतो. बटण दाबताच उघडणारे, काळे-करवती दात मिरवणारे, लढाईचा आव आणणारे चाकू टाळावेत. त्यांत पैसा दिखाव्यात गेलेला असतो आणि बघणाऱ्याला ते अवजार वाटत नाहीत.

१९/
दुकानात, मग ते बोहरी आळीतले असो वा आणखी कुठले, तीन गोष्टी हाताने तपासा. पाते उघडून बाजूंना हलवून पाहा. सांध्यात खेळ असेल तर ठेवून द्या. मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण बुडते का, ते बघा. कुलूप असेल तर पात्याच्या पाठीवर हलका दाब देऊन ते टिकते का, हे पाहा. बोटे वाटेत ठेवू नका. जुन्या बाजारात जुने पण भक्कम पाते मिळूनही जाते. गंज वरवरचा असेल तर निघतो. खड्डे पडलेले किंवा घासून अर्धे झालेले पाते घेऊ नये.

२०/
पोलाद कोणते? साधे कार्बन पोलाद लवकर धार घेते, पण पुण्याच्या पावसाळ्यात लगेच गंजते. पुसून तेलाचे बोट फिरवायची शिस्त हवी. न गंजणारे पोलाद शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये पुढे आणले. ज्याला देखभालीचा कंटाळा, त्याने ते घ्यावे. काही झाले तरी सगळे पैसे चाकूवर घालू नका. थोडे निसण्यासाठी राखा. निसणा म्हणजे धार लावायचा दगड. स्वस्त पाते आणि चांगला निसणा ही जोडी महाग पण बोथट चाकूपेक्षा कधीही बरी. बोथट पात्याला जोर जास्त लागतो, आणि जोर लावलेले पातेच हातातून निसटते.

२१/
कारकुनाचा चाकू, सुपारीचा अडकित्ता, उसाचा कोयता: या तिन्ही पात्यांनी पोट भरले आणि कागद लिहिले. त्यांची ओळख गुन्ह्यांच्या बातम्यांतून ठरू द्यायची की कामातून, हे बाळगणाऱ्याच्या वागण्यावरही अवलंबून आहे. काम झाले की पाते पुसून मिटवावे, दुसऱ्याला देताना मूठ पुढे करावी, गर्दीत उघडू नये.

आपल्या घरी जुनी चंची, अडकित्ता किंवा बोरू तासायचा चाकू असेल तर त्याचे छायाचित्र खाली जरूर जोडा. तो कोणाचा होता आणि कोणत्या कामाचा, हेही लिहा. धागा समाप्त.