भागीदारीपत्र नोटरी केले म्हणजे फर्मची नोंदणी झाली का?

आपल्या सांबरा भागात काय किंवा निपाणीकडे काय, भागीदारीचा धंदा नवा नाही. भाजीपाल्याची अडत, तंबाखूचा व्यापार, हार्डवेअरचे दुकान, कारखान्यांचे जॉबवर्क. दोन चुलतभाऊ किंवा मित्र एकत्र येतात, स्टँप पेपरवर भागीदारीपत्र करतात, नोटरीचा शिक्का घेतात आणि बँकेत चालू खाते उघडतात. आम्ही बँकेत अशी खाती उघडून देताना विचारायचो, "फर्म रजिस्टर आहे का?" उत्तर ठरलेले, "आहे की साहेब, नोटरी केलंय." पॅन, जीएसटी, ट्रेड लायसन्स यांपैकी काहीही दाखवले जाई. यातली एकही फर्मची नोंदणी नव्हे. रजिस्ट्रार ऑफ फर्म्स यांच्या नोंदवहीत फर्मचे आणि सर्व भागीदारांचे नाव चढले, तरच ती नोंदणी.

भारतीय भागीदारी कायदा 1 ऑक्टोबर 1932 रोजी लागू झाला. नोंदणी न केल्याचे परिणाम सांगणारे कलम 69 मात्र वर्षभर उशिरा, 1 ऑक्टोबर 1933 पासून लागू केले. नोंदणीची सक्ती या कायद्याने केली नाही. म्हणून लोक निर्धास्त राहतात.

समजा, तुमच्या फर्मने एका दुकानदाराला चार लाखांचा माल उधार दिला आणि तो पैसे देईना. फर्म नोंदलेली नसेल तर त्या व्यवहारावरून तुम्हाला दिवाणी दावा लावता येत नाही. पावत्या, सह्या, साक्षीदार सगळे असूनही दावा चालत नाही. उलट त्याच दुकानदाराचे तुमच्याकडे काही येणे निघाले, तर तो तुमच्यावर खुशाल दावा करू शकतो, आणि 'आमचे येणे त्यातून वजा करा' असेही तुम्हाला म्हणता येत नाही. बँकेचेही तसेच. कर्ज थकले की बँक फर्मवर आणि प्रत्येक भागीदारावर वसुली लावते. नोंदणी नाही ही सबब तिथे चालत नाही. केंद्रीय कायद्यात सूट आहे ती शंभर रुपयांपर्यंतच्या किरकोळ दाव्यांना. आज शंभर रुपयांसाठी कोर्टात कोण जातो?

'दावा लावू, नोंदणी मागाहून करू' हेही जमत नाही. दिल्ली विकास प्राधिकरण विरुद्ध कोचर कन्स्ट्रक्शन या 1998 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मागाहून केलेली नोंदणी ग्राह्य धरली नाही. नोंदणी करून नवा दावा लावता येतो, पण उधारीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि तोवर ती उलटलेली असू शकते.

भागीदारांचे आपसात बिनसले तर? करारातला हक्क मागण्यासाठी फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा करता येत नाही. फर्म मोडण्याचा आणि मोडलेल्या फर्मचा हिशेब मागण्याचा दावा मात्र करता येतो. महाराष्ट्राने 1984 च्या दुरुस्तीने हाही मार्ग बहुतांशी बंद केला होता. 2009 मध्ये व्ही. सुब्रमण्यम यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. कागल-कोल्हापुरात भागीदारी असलेल्या आपल्या सभासदांनी हे ध्यानात ठेवावे.

नोंदणीला फार खटाटोप नाही. फर्मचे नाव, धंद्याची ठिकाणे, मुदत, प्रत्येक भागीदाराचे नाव, कायमचा पत्ता आणि तो कधी सामील झाला ती तारीख, एवढे लिहून सगळ्यांच्या सहीने फीसह अर्ज द्यायचा.

घरच्या फर्ममध्ये एक गोष्ट हमखास राहून जाते. वडील वारतात, मुलगा त्यांच्या जागी बसतो, सह्याही करू लागतो. पण नोंदवहीत नाव वडिलांचेच. दाव्याच्या दिवशी जे भागीदार असतील त्यांची नावे नोंदवहीत असावी लागतात, म्हणून भागीदार बदलला की ती नोंदही लगेच करून घ्यावी. नोंदवहीचा दाखला रजिस्ट्रारकडे फी भरून मिळतो; जुन्या फर्मवाल्यांनी तो एकदा काढून त्यात कोणाकोणाची नावे आहेत ते पाहावे.