सिगिरिया येथील भित्तिचित्रांतील स्त्रिया व त्यांच्या हातांतील फुलें

सिंहलद्वीपांतील सिगिरिया (सिंहगिरि) येथील प्रचंड खडकाच्या पश्चिम अंगास, उंचावरील एका कपारींत, स्त्रियांचीं सुमारें वीस रंगीत चित्रें अवशिष्ट आहेत. काश्यप राजानें (इ. स. ४७७–४९५) पिता धातुसेन यास मारवून राज्य बळकाविलें व भयानें या दुर्गम खडकाचा आश्रय केला, असें चूलवंसांत सांगितलें आहे. चित्रेंही त्याच्याच काळचीं मानितात. स्त्रिया कमरेपर्यंतच दाखविल्या असून खालीं मेघ आहेत. बहुतेकींच्या हातीं फूल अथवा फुलांचें तबक आहे.

ह्या स्त्रिया कोण, याविषयीं तीन मतें आहेत. श्री. बेल यांच्या मतें त्या पिदुरंगल येथील विहारास फुलें वाहण्यास निघालेल्या राजस्त्रिया होत. डॉ. आनंद कुमारस्वामी त्यांस अप्सरा म्हणतात, डॉ. परणवितान त्यांस मेघकन्या व विद्युत्कन्या समजतात. येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, फूल उभयपक्षीं साक्ष देतें. मानवी स्त्री मानल्यास तें पूजाद्रव्य, अप्सरा मानल्यास तीच पुष्पवृष्टि. अर्थात् केवळ फुलावरून निर्णय होत नाहीं. निर्णय करावयाचा तो मेघ व मुखें यांवरून. मेघांनीं स्थळ स्वर्गीय ठरतें; परंतु वर्ण, नाक व ओठांची ठेवण निरनिराळी असल्यानें चित्रकारापुढें राजवाड्यांतील जिवंत स्त्रिया होत्या, असें आम्हांस वाटतें. स्वर्ग कल्पिलेला, मुखें मात्र पाहिलेलीं.

फुलांचीं नांवें ठरवितांना मात्र सावधगिरी पाहिजे. कमळ व नीलोत्पल यांविषयीं अडचण नाहीं. परंतु कांहीं लेखक त्यांत खुरचाफाही पाहतात. हें झाड मूळचें अमेरिकेंतील, इ. स. १४९२ पूर्वीं तें इकडे येणें संभवत नाहीं. तेव्हां एकतर ओळख चुकली, अथवा तो भाग मागाहून रंगविलेला असला पाहिजे. खुरचाफ्यास पांच पाकळ्या, नागकेशरास चार. म्हणून नांव देण्यापूर्वीं पाकळ्या मोजाव्या.

हीच कसोटी आपल्याकडील वाड्यांच्या भिंतींस व सचित्र पोथ्यांस लावितां येते. झेंडू व निशिगंध हींही अमेरिकेंतून आलेलीं फुलें होत. तीं निःसंशय ओळखतां आलीं, तर तें चित्र सोळाव्या शतकापूर्वींचें नव्हे.

खडकाजवळील आरसेभिंतीवर आठव्या ते दहाव्या शतकांतील प्रेक्षकांनीं या स्त्रियांस उद्देशून पद्यें कोरिलीं. त्यांपैकीं ६८५ परणवितान यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलीं. तीं नंतरच्या रसिकांचें मन सांगतात, चित्रकाराचा हेतु नव्हे. १९६७ सालीं कोणी दुष्टानें चित्रांवर रंग फांसून मोठी हानि केली. त्यापूर्वीं बेल यांच्या कारकीर्दींत रंगीत नकला झाल्या होत्या, हें केवढें भाग्य! आपल्याकडील भिंतींच्या नकला त्या ढांसळण्यापूर्वीं करून ठेवणें, हें संशोधकांचें पहिलें कर्तव्य होय.