हे गाणं कुणाचं?

काही महिन्यांपूर्वी एका काव्यवाचनानंतर एक तरुण मला भेटला. हातात गाण्यांची वही होती. म्हणाला, "सर, मी गाणी लिहितो, चालीही लावतो. गणेशोत्सवात म्हटलेलं माझं एक गाणं पुढे दुसऱ्याच्याच नावावर ऐकलं. ते माझं आहे, हे मी कसं सिद्ध करायचं?"

मी घाईत होतो. ऐकीव सल्ला दिला, "गाणं पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठव आणि पाकीट न फोडता ठेवून दे." तो समाधानाने गेला. मी मात्र घरी येईपर्यंत अस्वस्थ झालो. प्रश्न फार जुना, आणि माझं उत्तर फार तोकडं.

आपल्या संतांनी या प्रश्नाचं उत्तर गाण्याच्या आतच ठेवलं होतं. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचं नाव येतं, ती नाममुद्रा. नामदेव, तुकाराम, जनाबाई, सगळ्यांनी ती वापरली. एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरूचं, जनार्दनस्वामींचं नाव जोडलं. छापखाना नव्हता, गाणं तोंडातोंडी गावोगाव जाई. पण वृत्तात आणि यमकात बसवलेलं नाव सहजासहजी काढता येत नसे. शाहिरांनी हीच रीत चालवली. पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजी शिलारखाने कवनं रची आणि बाळा करंजकर ती गाई. त्यांच्या लावण्यांत 'होनाजी बाळा' अशी जोडमुद्रा येते. रचणारा आणि गाणारा या दोघांनाही श्रेय देणारी ही पद्धत आजच्या कित्येक करारांपेक्षा उदार म्हणावी लागेल. ख्यालगायकीतही तेच. पंडित भातखंड्यांच्या बंदिशींत 'चतुर', जगन्नाथबुवा पुरोहितांच्या बंदिशींत 'गुणीदास'.

पण मुद्रेला एक मोठी मर्यादा होती. नाव घालणं कुणालाही शक्य होतं. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा कवी झाला. तोही नामाच. त्याच्या रचना संत नामदेवांच्या रचनांत अशा मिसळल्या, की त्या वेगळ्या काढता काढता संशोधकांच्या पिढ्या खपल्या. म्हणजे मुद्रा नाव सांगते. ते नाव कोणाचं, हे तिला सांगता येत नाही.

आणि ज्यांनी मुद्राच घातली नाही त्यांचं काय? जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या असंख्य बायांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. बहिणाबाई चौधरींचंही तसंच झालं असतं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या गाणी रचत. त्यांचा मुलगा, कवी सोपानदेव आणि आप्तांनी ती टिपून ठेवली. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने आली. कुणीतरी वेळीच कागदावर उतरवलं, म्हणून ही कवयित्री आपल्याला नावानिशी मिळाली.

कागदाचं हे महत्त्व पुढे कायद्यानेही मानलं, कधी कधी अति मानलं. आपला कॉपीराइटचा कायदा 1957 चा. त्यात 'संगीतकृती'ची मूळ व्याख्या अशी होती, की चाल छापलेली किंवा लिहिलेली असली पाहिजे. ही व्याख्या ब्रिटिश कायद्याच्या वळणावर बेतलेली. आपल्याकडे चाल गळ्यातून गळ्यात जाते, पेटीवर बसून सुचते. नोटेशन लिहून ठेवणारे थोडे. 1994 च्या दुरुस्तीने ही अट काढली, तोवर न लिहिलेली चाल कायद्याच्या व्याख्येत बसतच नव्हती.

त्याहून मोठा घाव दुसरीकडे बसला. गीतकार-संगीतकारांची हक्कसंस्था, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, 1969 मध्ये स्थापन झाली. तिचा चित्रपट निर्मात्यांशी वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1977 मध्ये निकाल लागला: निर्मात्याने मोबदला देऊन गाणं करून घेतलं आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर हक्काचा पहिला मालक निर्माता. गाणं कुणी लिहिलं याबद्दल वाद नव्हताच. नाव पडद्यावर होतं, तबकडीवर होतं; पण रॉयल्टीवर नव्हतं. हे चित्र बदलायला 2012 साल उजाडावं लागलं. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हा विषय लावून धरला आणि कायद्यात दुरुस्ती झाली. आता चित्रपटासाठी लिहिलेलं गाणं चित्रपटगृहाबाहेर वाजलं, तर त्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला मिळायला हवा. हा वाटा निर्मात्याला किंवा कंपनीला लिहून देता येत नाही, दिला तरी तो करार त्यापुरता निरर्थक.

या सगळ्यानंतर त्या तरुणाला मी काय सांगायला हवं होतं? पहिलं हे, की गाणं लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवलं, की हक्क आपोआप तुझा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण झालंच तर पुरावा लागतो. खाडाखोड केलेले कच्चे कागद फेकू नकोस. पक्क्या प्रतीपेक्षा तेच अधिक बोलतात. चाल सुचेल तशी तारखेसह मुद्रित कर. महत्त्वाची गाणी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदव. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती. अर्ज वेगळे, प्रत्येकी शुल्क 500 रुपये. ती नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. पोस्टाच्या पाकिटाला असं कोणतंही खास स्थान नाही. पाकीट आधी उघडं नव्हतं कशावरून, एवढं विचारलं तरी ते लटपटतं.

दुसरं, सही करण्यापूर्वी करार वाच. हक्क लेखी करारावाचून दुसऱ्याकडे जात नाही. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. 'कायमचे सर्व हक्क' हे शब्द दिसले, की पेन खाली ठेवायचं आणि जाणत्याला विचारायचं.

गदिमांचं 'गीतरामायण' 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. छप्पन्न गीतं, आणि कुणाची हे विचारायची वेळ कधी आली नाही. गदिमा 1977 मध्ये गेले. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत आहे. रेडिओवर गाण्याआधी निवेदक गीतकाराचं नाव सांगतो, तेव्हा आपण बहुधा पुढच्या सुरांची वाट पाहत असतो. त्या वहीवाल्या तरुणाला भेटल्यापासून मी ते नाव कान देऊन ऐकतो. त्याचा पत्ता मी तेव्हा विचारला नाही, ही चुटपुट आहे. हे बोलणं त्याच्या कानावर जावं, म्हणून तर हा सारा खटाटोप.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)